खिळ्यावरचा घोडा

जगातल्या झाडून साऱ्या मोठ्या म्युझियमांत चपला बाहेर काढून शिरलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो उभ्या जन्मात भुसावळच्या पलीकडे गेलेला नव्हता. हे माझ्या बायकोचे मामा. एरवी बायकोचे मामा म्हणजे लग्नात एकदा पाया पडून विसरून जायचं प्रकरण. पण माझी नोकरी देवासच्या कारखान्यात, आणि सिंचाई विभागात उभी हयात कालव्यांचे नकाशे काढून निवृत्त झालेले मामासाहेबही राहायला देवासलाच, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे विसरायची सोय राहिली नाही. घराणं मूळ धारचं. मामासाहेबांचे आजोबा संस्थानच्या पागेवर अंमलदार होते. संस्थान गेलं, पागा गेली, घोडे गेले, पण घरातली माणसं एकमेकांना 'साहेब' लावल्याशिवाय अजून हाक मारत नाहीत. मी नगरकडचा. आमच्याकडे सख्ख्या बापाला 'ए दादा' म्हणतात. लग्नानंतर वर्षभर तरी या मंडळींचं 'आपण बसावे, आपण घ्यावे' ऐकलं की मी मागे वळून बघायचो, कोणी बडी आसामी आली की काय म्हणून.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा बसस्टँडजवळच्या एका एस.टी.डी.-पी.सी.ओ.वाल्यानं आपल्या दुकानात फळ्या ठोकून सायबर कॅफे काढला. गावातली तरुण पोरं तिथं निकाल बघायला, नोकरीचे अर्ज भरायला आणि फळीआड आणखी जे काही बघायचं असतं ते बघायला जात. मामासाहेब जायचे ते इस्त्रीचा सदरा, डोक्याला काळी टोपी आणि कानात अत्तराचा फाया घालून. दाराशी चपला काढायचे. "अहो, दुकान आहे हे, इथं कोण चपला काढतं?" असं मी म्हटलं, तर म्हणाले, "दुकान यांचं. पण पडद्याच्या आत आपण लोकांच्या घरी जातो. लंडनला जातो, पॅरिसला जातो. तिथल्या लोकांनी काय म्हणावं?" एकदा त्या चपला चोरीला गेल्या आणि मामासाहेब अनवाणी घरी आले, पण नेम काही सुटला नाही. पुढं पुढं त्यांचं बघून बाकीची पोरंही चपला काढू लागली. कॅफेवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिया, मामासाब ने तो मेरी दुकान का मंदिर बना दिया. पर सुबे से घोड़ा ही घोड़ा देख रिये हैं. किसी दिन ये कंप्यूटर हिनहिनाने लगेगा."

घोड्याचं सांगतो. मामासाहेबांच्या लहानपणी धारच्या घरात पुढच्या खोलीत एक जुनी तसबीर होती. मामासाहेब चित्राला चित्र म्हणत नाहीत, तसबीरच म्हणतात. तसबिरीत एक पांढरा घोडा, पुढचा एक पाय उचललेला, आणि त्याचा लगाम धरून उभा असलेला मोतद्दार. बस, इतकंच. आजोबांच्या काळात दसऱ्याला दारच्या खऱ्या घोड्याची पूजा व्हायची. पुढं दारी घोडा राहिला नाही, म्हणून घरातल्या बायकांनी त्या तसबिरीतल्या घोड्याची पूजा सुरू केली. काचबीच काही नव्हती. भिजवलेल्या हरभऱ्यांचा नैवेद्य आणि घोड्याच्या खुरांना बोटानं कुंकू. उचललेल्या चौथ्या खुराला मात्र लावायचं नाही, कारण तो जमिनीला टेकलेला नाही, असा मामासाहेबांच्या आईचा दंडक. वर्षानुवर्षं बोटं लागून लागून घोड्याचे तीन खूर लालभडक झाले होते. संस्थान विलीन झालं त्या साली, दसऱ्याच्या तोंडावर, वडिलांनी ती तसबीर मुंबईच्या एका व्यापाऱ्याला देऊन टाकली. घरात कोणाला विचारलं नाही. दसऱ्याच्या सकाळी थोरली बहीण ताट घेऊन पुढच्या खोलीत आली, तर भिंतीवर नुसता खिळा. मामासाहेब तेव्हा सात वर्षांचे असतील. माझ्या सासूबाई तर पाळण्यात होत्या. थोरली घटकाभर उभी राहिली, मग चवड्यांवर उंच होऊन तिनं त्या खिळ्यालाच कुंकू लावलं. तेव्हापासून त्या घरात दर दसऱ्याला खिळ्याची पूजा होते. मी स्वतः खिळ्याला हळदकुंकू वाहिलेलं पाहिलं आहे आणि प्रसादाचे हरभरेही खाल्ले आहेत.

तर त्या खिळ्यावर तो घोडा पुन्हा टांगायचा, अक्कासाहेबांच्या डोळ्यांदेखत टांगायचा, हा मामासाहेबांचा ध्यास. अक्कासाहेब म्हणजे तीच थोरली बहीण. धारच्या कन्याशाळेतून हेडमास्तरीण म्हणून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि भल्याभल्यांना उभं राहून उत्तर द्यायला लावणाऱ्या. असले व्यापारी जुन्या तसबिरी गोऱ्या साहेबांना विकायचे, साहेब मेले की त्या तिकडच्या म्युझियमांत जायच्या, आणि आता म्युझियमं त्या इंटरनेटवर मांडायला लागली आहेत, असं मामासाहेबांनी कुठल्याशा हिंदी पेपरात वाचलं. त्याच दिवशी त्यांनी सदऱ्याला इस्त्री करून घेतली.

शोधायला गेले घोडा आणि घरी आणलं सारं जग. त्या काळी पडद्यावर तसबीर एकदम दिसत नसे. वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरायची. आधी आकाश, मग झाडांचे शेंडे, मग राजाचा तुरा, मग कपाळ. मिशीपर्यंत पोचायला एक चहा पिऊन व्हायचा. दुसऱ्या कुणी त्या यंत्राला शिव्या घातल्या असत्या. मामासाहेबांना गोडी त्यातच. "घाई कसली? चित्रकारानं तरी एकदम कुठं काढली होती?" म्हणायचे. हात मांडीवर ठेवून, मान किंचित पुढं काढून ते बसत, आणि एकेक पट्टी उतरली की 'अहाहा' करीत. त्या वर्षांत आमच्याकडे लाइट जाण्याला काही धरबंध नव्हता. एकदा एका बेगमेची हनुवटी उतरायच्या आत लाइट गेली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. मामासाहेब हळहळत घरी आले. "नाकापर्यंत अप्रतिम होती हो," एवढंच म्हणाले आणि त्या दिवशी नीट जेवले नाहीत. सूनबाई दोनदा म्हणाल्या, "मामंजी, खाना ठंडा होऊन राहिलाय, घ्या ना," पण छे.

मला चित्रातलं ओ की ठो कळत नाही. मी कारखान्यात क्वालिटीला. खोट दिसली की खडूनं फुली मारायची, एवढीच माझी कलादृष्टी. पण एकदा त्यांनी मला दंडाला धरून कॅफेत नेलं आणि एका इराणी बागेच्या तसबिरीतला कोपरा दाखवला. तिथं हौदात नखाएवढी बदकं होती आणि त्यातलं एक मान वळवून पाण्यात स्वतःकडे बघत होतं. "शेकडो वर्षं बघतंय," मामासाहेब म्हणाले, "अजून त्याचं समाधान होत नाही." फुली मारण्यासारखं मला त्यात काहीही सापडलं नाही. शिफ्ट चुकली, मेमो मिळाला, पण ते बदक अजून डोळ्यांपुढं आहे.

जमवलेल्या तसबिरी आधी फ्लॉप्यांत आणि मग सीडीत जात. फ्लॉप्या पोळ्यांच्या डब्यात, मलमलच्या फडक्यात गुंडाळून. लोहचुंबकानं फ्लॉपी मरते असं कुणीतरी सांगितल्यापासून रेडिओ, मिक्सर आणि शेजाऱ्यांची लूना यांच्याजवळून जाताना ते डबा पोटाशी धरीत. मांडणी तर न्यारीच. देश नाही, शतक नाही, चित्रकार नाही. तसबीर घरात कुठं टांगली असती त्यावरून तिची फाइल कुठं जायची ते ठरे. दिवाणखाना, माजघर, देवघर, ओसरी, अशी फोल्डरांना नावं. हॉलंडची फुलं माजघरात, जपानचे धबधबे न्हाणीघरात, जगाचे जुने नकाशे ओसरीवर. गोऱ्या चित्रकारांनी काढलेल्या वस्त्रहीन बायकांचं काय करायचं हा पेच पडला, तेव्हा 'माडी' नावाचं फोल्डर निघालं आणि नातवाला सांगून ठेवलं की माडीवर जायचं नाही, जिना पडायला झालाय. नातवानं अर्थात सगळ्यात आधी माडीच पाहिली. एक फोल्डर मात्र रिकामं होतं. त्याचं नाव 'खिळा'.

हौस अशी की ती दुसऱ्याला वाटल्यावाचून चैन पडत नसे. बदनावरला सोयाबीनचा मोठा व्यापार करणारे एक जैन गृहस्थ, मामासाहेबांचे कालव्यावरच्या दिवसांपासूनचे स्नेही. घरात मोहनखेड्याच्या तीर्थाच्या वाऱ्या, कांदासुद्धा शिजत नाही. त्यांच्या नव्या घराच्या वास्तूला मामासाहेबांनी इंदूरहून छापून, चौकट करून एक फिरंगी तसबीर नेली. टेबल, त्यावर चांदीचं ताट, आणि ताटात अर्धवट सोललेलं लिंबू, त्याची साल लोंबतेय. सालीवरचा उजेड असा की तोंडाला पाणी सुटावं. चारचौघांत वेष्टन सोडलं, आणि लिंबाच्या खाली उलटा टांगलेला एक मेलेला ससा आणि दोन तितर निघाले. मी डोळे मिटून घेतले. "अहो, हे दिसलं नाही का तुम्हाला?" मी कानात विचारलं. "मी लिंबू बघत होतो," मामासाहेब म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं. यजमान थोर. त्यांनी तसबीर भिंतीवर लावली आणि तिच्या खालच्या अर्ध्या भागावर पंचांगाचं कॅलेंडर टांगलं. आम्ही कधीही गेलो तरी लिंबू तेवढं दिसायचं.

शिवाय पत्रं. कोणाच्या घरातून वस्तू उचलायची तर सांगून उचलावी, म्हणून प्रत्येक म्युझियमला ते ई-मेल धाडीत. सगळा मजकूर सिंचाई विभागाच्या इंग्रजीत. मराठीत सांगायचं तर असा : 'महोदय, विषय : आपली बदके. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपल्या संग्रहातील बदकांची प्रत आज रोजी सुस्थितीत प्राप्त झाली. आपली निगा उत्तम आहे. माहितीस्तव सादर.' कधी कधी उत्तर यायचं. कुणी एक बाई आभार मानायच्या. मग तो कागद लॅमिनेट होऊन माझ्या घरी वाचनाला यायचा.

घोडे सापडत होते, नाही असं नाही. लगाम धरलेल्या मोतद्दारांसकट पांढऱ्या घोड्यांचे कळप जगभर विखुरलेले आहेत हे मला तेव्हा कळलं. जो जो घोडा बरा वाटे, तो तो छापून मामासाहेब बसनं इंदूरमार्गे धारला नेत. "मी सात वर्षांचा होतो, माझी आठवण कच्ची. अक्कासाहेब म्हणतील तो घोडा," असं त्यांचं म्हणणं. पण या वाऱ्यांमागे घाईही होती. अक्कासाहेबांना साखरेचा आजार आणि डोळ्यांवर त्याचा अंमल चढत चाललेला. इंदूरच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की नजर जाणार, कधी जाईल ते सांगता येत नाही. मी दोनतीनदा बरोबर गेलो. अक्कासाहेब चष्मा लावून, कागद उजेडाला धरून पेपर तपासल्यासारखा घोडा तपासत. "अरे धाकट्या, हा आपला नाही. आपला एवढा खात नव्हता." दुसऱ्या खेपेला, "याच्या डोळ्यात उद्धटपणा आहे." तिसऱ्या खेपेला घोडा पसंत पडला, पण मोतद्दार चोर दिसतो म्हणून सगळंच परत. "अक्कासाहेब, आपण खुरांकडे पाहावे," मामासाहेब सुचवायला जात. "खूर मला शिकवू नकोस," असं उत्तर मिळे. परतताना बसमध्ये मामासाहेब खिन्न असायचे, आणि इंदूर यायच्या आत त्यांना कॅफेचे वेध लागलेले असायचे.

आणि एक दिवस घोडा सापडला. त्या सकाळी मी कामावर निघालो होतो, तर मामासाहेब भर रस्त्यात माझी स्कूटर अडवून उभे. टोपी हातात. त्यांनी मला दंडाला धरून ओढायलाच सुरुवात केली. मला वाटलं धारहून काही वाईट बातमी आली. कॅफेत गेलो. पडद्यावर पांढरा घोडा, पुढचा पाय उचललेला, आणि टेकलेले तीन खूर लाल. खाली म्युझियमच्या विद्वानांचा मजकूर होता. राजाच्या घोड्यांच्या खुरांना मेंदी लावण्याच्या चालीचं हे दुर्मीळ चित्रण, वगैरे. पुढं असं की चित्रकारानं चौथा खूर तसाच का सोडला याचा उलगडा होत नाही, कदाचित चित्र अपुरं राहिलं असावं. "मेंदी म्हणे!" मामासाहेब हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आईचं बोट आहे हो ते!" कॅफेवाला काउंटरवरून उठून आला, त्यानं पडद्याकडे पाहिलं, मामासाहेबांकडे पाहिलं, आणि स्वतः जाऊन सगळ्यांना कचोऱ्या घेऊन आला. मग मामासाहेबांनी डोळे पुसून म्युझियमला पत्र लिहिलं. विषय : आपल्या घोड्याचे खूर. तसबीर परत मागितली का, म्हणून मी विचारलं. "छे, छे. तिथं बरा आहे तो. फक्त मेंदी नव्हे, एवढं कळवलं," म्हणाले. पुढं तिकडून उत्तर आलं की आपलं म्हणणं संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. ते वाचून मामासाहेबांना फार घरच्यासारखं वाटलं.

दसरा आठवड्यावर होता. इंदूरला मोठी प्रत छापून घेतली, चौकट केली, चौकटवाला काच लावतो म्हणाला तेव्हा त्याच्यावर आयुष्यात पहिल्यांदा मामासाहेब ओरडले. आम्ही सगळे धारला गेलो. अक्कासाहेबांनी चष्मा लावला, मग काढला, मग तसबीर डोळ्यांशी अगदी नाकाला लागेल इतकी जवळ घेतली. नजर किती उरली होती देव जाणे.  मग त्यांनी मागच्या खुरावर बोट ठेवलं. "इथं आईचं बोट घसरलं होतं. मी बघत होते." बस, तेवढंच. मामासाहेबांनी तसबीर खिळ्याला टांगली. अक्कासाहेबांनी ताट घेतलं आणि बोटानं चाचपत एक, दोन, तीन खुरांना कुंकू लावलं. मामासाहेब लहान पोरासारखे हुंदके देत होते आणि अक्कासाहेब त्यांना "पुरे, पुरे, जावईबापू बघताहेत" म्हणत स्वतःचे डोळे पदरानं टिपत होत्या. मी कोरडा माणूस, पण मलाही जरा खोकला आला.

मला वाटलं, मिटलं. पण दिवाळी उलटली तरी मामासाहेब कॅफेकडे फिरकले नाहीत. ओसरीवर खुर्ची टाकून बसत, पेपर उघडून ठेवत, वाचत नसत. दाढी वाढली. जेवण घटलं. सूनबाई घाबऱ्या झाल्या. कॅफेवाला मला रस्त्यात थांबवून विचारायचा, "मामासाब की तबीयत तो ठीक है नी?" शेवटी मी म्हटलं, "अहो मामासाहेब, घोडा मिळाला म्हणून काय झालं? बाकीचं जग आहे की. बदकं आहेत, लिंबं आहेत." ते म्हणाले, "जावईबापू, मी घोड्याचं निमित्त सांगून लोकांच्या घरात शिरत होतो. आता काय म्हणून जायचं? उगाच कोणाच्या घरात हिंडू नये."  मी फोनवर अक्कासाहेबांना सगळं सांगितलं. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

चार दिवसांनी पाहतो तो मामासाहेब टोपी घालून, दाढी करून, तरातरा निघालेले. अत्तराचा वास माझ्या दारापर्यंत. "अहो, अक्कासाहेबांचा फोन आला होता. घोड्याच्या शेजारी हत्तीची पण तसबीर होती! मला अजिबात आठवत नाही. त्या म्हणाल्या, तू लहान होतास, तुला काय आठवणार. बघा, मी इतकी वर्षं नुसते घोडे बघत बसलो. किती हत्ती हातचे घालवले असतील!" आणि गेले कॅफेत. त्या दिवसापासून पुन्हा बदकं, बेगमा, बागा, पक्षी, नकाशे, सगळं सुरू. रात्रीचं जेवणही दोन पोळ्यांवरून चारवर गेलं.

पुढं कंपनीच्या कामानं मला नालछ्याकडे जावं लागलं, तेव्हा वाटेत धारला अक्कासाहेबांना भेटून आलो. नजर तोवर पुरती गेली होती. चहा झाल्यावर मी सहज विचारलं, "हत्ती कसा होता हो तुमच्याकडचा?" अक्कासाहेबांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "जावईबापू, भिंतीला दुसरा खिळा दिसतो का कुठं?" मी पाहिलं. भिंत साफ होती. "नव्हताच हत्ती," त्या म्हणाल्या. "पण धाकटा बसून राहिला तर मरेल. त्याच्याजवळ बोलू नका." मी नाही बोललो. त्यानंतर मामासाहेबांनी कितीतरी हत्ती नेले. अक्कासाहेब त्यांना कागदावरचा हत्ती तोंडानं वर्णन करायला लावायच्या, सोंड कशी, दात कसे, अंबारी कसली, सगळं मन लावून ऐकायच्या, आणि शेवटी म्हणायच्या, "नाही रे. हा आपला नाही."

अक्कासाहेब गेल्या. माझी बदली पुण्याकडे झाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गेलो तेव्हा मामासाहेबांच्या घरात स्वतःचा कंप्यूटर आला होता. तसबीर आता धपकन उघडते. मामासाहेबांना ते थोडं असभ्य वाटतं. मला बसवून त्यांनी एक हत्ती उघडला. मोठा सुंदर हत्ती, आंब्याच्या झाडाखाली उभा, सोंडेनं फांदी ओढणारा, आणि मानेवर माहूत बसल्या बसल्या झोपी गेलेला. मामासाहेब बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. थकले होते फार. "हाच असेल का हो?" त्यांनी विचारलं. "अक्कासाहेब आता नाहीत. सांगायला कोणीच उरलं नाही."

मी खुर्ची पुढं ओढली. सोंड पाहिली, दात पाहिले, माहूत पाहिला. मग म्हटलं, "नाही, मामासाहेब. हा आपला नव्हे."

"मलाही तसंच वाटत होतं," मामासाहेब म्हणाले, आणि सूनबाईंना चहा टाकायला सांगून त्यांनी पुढचं पान उघडलं.